हरवलेल्या पोथीतले सूत्र : वर्गसमीकरणाचा इतिहास आणि पाटणचा मठ

१/२४
दहावीच्या बीजगणितात वर्गसमीकरण सोडवण्याचे एक सूत्र प्रत्येक विद्यार्थी पाठ करतो. बंगालमध्ये आणि उत्तर भारतात अनेक ठिकाणी ते ‘श्रीधराचार्यांचे सूत्र’ म्हणूनच शिकवले जाते. गंमत अशी, की श्रीधराचार्यांनी ज्या ग्रंथात ही रीत सांगितली, त्या ग्रंथाची एकही प्रत आज उपलब्ध नाही. पोथी गेली, सूत्र मात्र राहिले. ते कसे राहिले, याची ही हकिगत. तिचा एक महत्त्वाचा धागा खानदेशात, चाळीसगावजवळच्या पाटण या गावी येऊन पोहोचतो. #थ्रेड #इतिहास #गणित

२/२४
श्रीधराचार्यांविषयीची माहिती अगदी तुटपुंजी आहे. त्यांचा काळ साधारणपणे आठव्या ते दहाव्या शतकांच्या दरम्यान मानला जातो. ‘पाटीगणित’ आणि ‘त्रिशतिका’ ही त्यांची अंकगणितावरची पुस्तके टिकली. बीजगणितावरही त्यांनी ग्रंथ लिहिला होता. तो लुप्त झाला. ज्या विषयामुळे त्यांचे नाव आजही घेतले जाते, नेमके त्याच विषयावरचे त्यांचे लेखन नाहीसे व्हावे, हा इतिहासाचा विचित्र न्याय होय.

३/२४
तथापि वर्गसमीकरणाची गोष्ट श्रीधरांपासून सुरू होत नाही. तिची सर्वांत जुनी स्पष्ट उदाहरणे मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकच्या भूमीत सापडतात. ब्रिटिश म्युझियममध्ये ‘बीएम १३९०१’ या क्रमांकाची मातीची एक पाटी आहे. इ.स.पूर्व दुसऱ्या सहस्रकाच्या पूर्वार्धातली ही पाटी सुमारे पावणेचार हजार वर्षांची ठरते. तिच्यावर २४ उदाहरणे आहेत, आणि ती सगळी चौरस व त्यांच्या बाजू यांविषयीची आहेत.

४/२४
त्यातले पहिलेच उदाहरण पाहावे. एका चौरसाचे क्षेत्रफळ आणि त्याची बाजू यांची बेरीज पाऊण आहे. तर बाजू किती? आजच्या लेखनात : क्ष² + क्ष = ३/४.

पाटीवरची रीत अशी : १ घ्या. त्याचे अर्धे करा. अर्ध्याला अर्ध्याने गुणा, पाव येईल. तो पाऊणमध्ये मिळवा, १ होईल. १ चे वर्गमूळ १. त्यातून मघाचा अर्धा वजा करा. उरलेला अर्धा ही चौरसाची बाजू. पडताळा : पाव अधिक अर्धा, म्हणजे पाऊण.

५/२४
या रीतीमागे एक आकृती दडलेली आहे. चौरसाला एक एकक रुंदीची पट्टी जोडायची, ती पट्टी मधोमध कापून तिचा अर्धा भाग चौरसाच्या शेजारच्या बाजूला लावायचा. कोपऱ्यात एक छोटा चौरस कमी पडतो. तो भरला की मोठा चौरस पुरा होतो. आजही या पद्धतीला ‘पूर्ण वर्ग पद्धत’ असेच म्हणतात. शाळेत ती केवळ चिन्हांनी शिकवली जाते, म्हणून त्या नावातला खराखुरा चौरस डोळ्यांसमोर येत नाही, इतकेच.

६/२४
परंतु या पाटीचे पुढे काय झाले? माती टिकली, पण ती वाचणारी माणसे संपली. खिळ्याच्या आकाराच्या त्या क्यूनिफॉर्म लिपीचे ज्ञान इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत लोपले आणि १९व्या शतकात ती लिपी पुन्हा उलगडावी लागली. असल्या पाट्यांवरचे बीजगणित तर १९३०च्या दशकात कुठे अभ्यासकांच्या नीट ध्यानात आले. येथे वस्तू राहिली आणि परंपरा तुटली. श्रीधरांच्या बाबतीत नेमके उलट घडले.

७/२४
आता भारताकडे वळू. इ.स. ४९९ च्या सुमारास आर्यभटांनी ‘आर्यभटीय’ रचले. त्यात गणितश्रेढीची बेरीज दिली असता पदे किती, हे काढण्याचा नियम आहे, तसेच व्याजाचा दर काढण्याचा एक नियम आहे. दोन्हींच्या पोटात वर्गसमीकरणाचे उत्तर आहे. मात्र आर्यभट वर्गसमीकरण हा स्वतंत्र विषय म्हणून मांडत नाहीत. गरजेपुरते उत्तर काढून ते पुढे जातात.

८/२४
तो विषय स्वतंत्रपणे मांडला ब्रह्मगुप्तांनी. भिल्लमाळ, म्हणजे राजस्थानातले आजचे भीनमाळ, येथे इ.स. ६२८ मध्ये वयाच्या तिसाव्या वर्षी त्यांनी ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्त’ पूर्ण केला. त्याच्या अठराव्या अध्यायात धन, ऋण आणि शून्य यांच्या आकडेमोडीचे नियम आहेत : ऋणाला ऋणाने गुणले तर धन, धनाला ऋणाने गुणले तर ऋण, वगैरे. वर्गसमीकरणाच्या इतिहासात हे नियम फार मोलाचे आहेत. का, ते पुढे कळेल.

९/२४
त्याच अध्यायात वर्गसमीकरणाचा नियम येतो. अक्ष² + बक्ष = क असे समीकरण असेल तर : ‘क’ला ‘अ’च्या चौपटीने गुणा, त्यात ‘ब’चा वर्ग मिळवा, वर्गमूळ काढा, त्यातून ‘ब’ वजा करा, आणि ‘अ’च्या दुपटीने भागा. आजच्या सूत्राशी हे ताडून पाहावे. एक मूळ देणारे सूत्र ब्रह्मगुप्तांकडे पूर्णपणे आहे. या प्रक्रियेला पुढे ‘मध्यमाहरण’ असे सुंदर नाव रूढ झाले. मधले पद, म्हणजे क्ष चे पद, नाहीसे करणे हा त्याचा अर्थ.

१०/२४
मग श्रीधरांचे वेगळेपण कशात? ब्रह्मगुप्तांचा नियम उत्तरापर्यंतच्या पायऱ्या सांगतो. श्रीधरांचा नियम समीकरणाच्या दोन्ही बाजूंचे काय करायचे ते सांगतो : दोन्ही पक्षांना वर्गाच्या सहगुणकाच्या चौपटीने गुणा, दोन्ही पक्षांत क्ष च्या मूळ सहगुणकाचा वर्ग मिळवा, आणि मग दोन्ही पक्षांची मुळे काढा. त्यामुळे सूत्र असे का आहे, हेही करता करताच दिसते. उत्तर आणि उपपत्ती एकाच श्वासात मिळतात.

११/२४
भास्कराचार्यांच्या एका प्रसिद्ध उदाहरणावर ही रीत चालवून पाहू. भुंग्यांच्या थव्याच्या निम्म्याचे वर्गमूळ इतके भुंगे मालतीकडे गेले. सगळ्या थव्याचा आठ-नवमांश भागही तिकडेच गेला. एक भुंगा सुगंधाच्या लोभाने कमळात अडकून गुणगुणतो आहे आणि बाहेरून त्याची भुंगी त्याला साद घालते आहे. तर थव्यात भुंगे किती?

१२/२४
निम्म्याचे वर्गमूळ काढायचे असल्याने थवा २क्ष² मानावा, म्हणजे ते मूळ क्ष येते. समीकरण सोपे केले की उरते : २क्ष² − ९क्ष = १८.

आता श्रीधरांची रीत. वर्गाचा सहगुणक २, त्याची चौपट ८. दोन्ही पक्षांना ८ ने गुणले : १६क्ष² − ७२क्ष = १४४.
९ चा वर्ग ८१ दोन्हीकडे मिळवला : १६क्ष² − ७२क्ष + ८१ = २२५.
दोन्हीकडे मूळ काढले : ४क्ष − ९ = १५.
म्हणून क्ष = ६, आणि थव्यात ७२ भुंगे.

पडताळा : ६ + ६४ + २ = ७२.

१३/२४
चौपटीनेच का गुणायचे? केवळ २ ने गुणूनही डावीकडे ४क्ष² हा वर्ग मिळाला असता. पण मग मधल्या पदाचे निम्मे करताना साडेचार आले असते आणि पुढची सगळी आकडेमोड अपूर्णांकांत करावी लागली असती. चौपट केल्याने अपूर्णांक येतच नाहीत. पाटीवर धूळ पसरून, बोटाने आकडे लिहून-पुसून गणित करणाऱ्यासाठी ही सोय किती मोठी होती, हे सहज लक्षात यावे.

१४/२४
याच सुमारास पश्चिमेकडे, बगदादमध्ये, इ.स. ८२०च्या आसपास अल-ख्वारिज्मी यांनी ‘अल-जब्र’ हा शब्द नावात असलेला ग्रंथ लिहिला. ‘अल्जिब्रा’ हा शब्द तिथूनच आला. क्ष² + १०क्ष = ३९ हे त्यांचे गाजलेले उदाहरण. चौरस काढून, त्याचे कोपरे भरून ते ३ हे उत्तर सिद्ध करतात. मात्र ते ऋण सहगुणक टाळतात, आणि त्यामुळे त्यांना समीकरणांचे सहा निरनिराळे प्रकार करून प्रत्येकाची वेगळी रीत द्यावी लागते. ब्रह्मगुप्तांच्या धन-ऋणांच्या नियमांचे मोल इथे कळते : ऋण संख्या मान्य केली की वेगवेगळ्या प्रकारांची गरज संपते आणि एकच नियम पुरतो.

१५/२४
आता भास्कराचार्य. जन्म शके १०३६, म्हणजे इ.स. १११४. वयाच्या ३६व्या वर्षी, इ.स. ११५० मध्ये त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ पुरा केला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय हे त्याचे चार भाग. आपले गाव सह्याद्रीच्या आश्रयाला वसलेले विज्जलविड असल्याचे ते सांगतात. ‘बीजगणिता’च्या शेवटी ते नोंदवतात, की ब्रह्मगुप्त, श्रीधर आणि पद्मनाभ यांची बीजगणिते फार विस्तृत असल्याने आपण त्यांचे सार काढले आहे. वर्गसमीकरणापाशी तर त्यांनी श्रीधराचार्यांचे नाव घेऊन त्यांचा नियम त्यांच्याच शब्दांत उतरवला.

१६/२४
श्रीधरांचे सूत्र आज माहीत आहे ते या उद्धरणाच्या परंपरेमुळे. भास्कराचार्यांनी तो नियम आपल्या शब्दांत बांधून नाव गाळले असते, तरी त्या काळी कोणी त्यांना दोष दिला नसता. त्यांनी नाव घेतले. पद्मनाभांचे बीजगणितही असेच लुप्त झाले. त्यांची आठवण टिकली तीही मुख्यत्वे भास्कराचार्यांनी केलेल्या उल्लेखामुळे. पूर्वसूरींचे ऋण मान्य करण्याची एक साधी सवय दोन हरवलेल्या ग्रंथकारांना इतिहासात जागा देऊन गेली.

१७/२४
भास्कराचार्य केवळ संग्राहक नव्हते. वर्गसमीकरणाला दोन मुळे असतात, तेव्हा कोणते घ्यावे, या प्रश्नाचा त्यांनी माकडांच्या दोन उदाहरणांतून विचार केला. पहिले : कळपाच्या अष्टमांशाचा वर्ग इतकी माकडे वनात खेळत आहेत आणि उरलेली १२ टेकडीवर चीत्कार करीत आहेत. कळप किती? उत्तरे दोन येतात, ४८ आणि १६. ४८ चा अष्टमांश ६, त्याचा वर्ग ३६, अधिक १२. १६ चा अष्टमांश २, त्याचा वर्ग ४, अधिक १२. दोन्ही उत्तरे बरोबर, आणि भास्कराचार्य दोन्ही स्वीकारतात.

१८/२४
दुसरे : कळपाच्या पंचमांशातून ३ वजा करून आलेल्या संख्येचा वर्ग इतकी माकडे गुहेत गेली, एक फांदीवर चढलेले दिसते. कळप किती? इथे उत्तरे ५० आणि ५. पण ५ चा पंचमांश १, त्यातून ३ वजा केले तर उरतात उणे २. आकडेमोड जुळते, कारण उणे २ चा वर्ग ४ आणि त्यात १ मिळवला की ५. तरीही भास्कराचार्य ५ हे उत्तर नाकारतात. कारण ते असे देतात, की व्यक्त संख्या ऋण झालेली लोकांना पटत नाही. गणित हो म्हणते आणि व्यवहार नाही म्हणतो, त्या सीमारेषेवर त्यांनी बोट ठेवले.

१९/२४
आणखी एक सीमारेषा त्यांनी आखली. धन संख्येचे मूळ धन आणि ऋण असे दोन्ही असते. ऋण संख्येला मात्र मूळ नाही, कारण ती कोणाचाच वर्ग नसते. आजच्या भाषेत, विवेचक ऋण असेल तर वास्तव मुळे नाहीत. ही रेषा ओलांडण्याचे धाडस पुढे इटलीत झाले. १५४५ मध्ये कार्दानो यांनी १० चे असे दोन भाग मागितले की त्यांचा गुणाकार ४० व्हावा, आणि उणे १५ चे वर्गमूळ कागदावर लिहून दाखवले. त्यांना स्वतःलाही तो प्रकार निरुपयोगी वाटला. त्यातूनच पुढे संमिश्र संख्यांची वाट निघाली.

२०/२४
आता मूळ प्रश्नाकडे. श्रीधरांना भास्करांनी वाचवले. पण भास्करांना कोणी वाचवले? ताडपत्र आणि कागद आपल्या हवेत फार काळ तग धरीत नाहीत. पोथी टिकवायची तर पिढ्यान् पिढ्या तिच्या नकला व्हाव्या लागतात, आणि नकला तेव्हाच होतात जेव्हा ग्रंथ शिकला-शिकवला जातो. शिकवायला गुरू लागतो, गुरूला आणि विद्यार्थ्यांना रोजचे अन्न लागते. ज्ञानाच्या इतिहासातला हा पोटापाण्याचा भाग सहसा नजरेआड राहतो. पाटणला तो दगडावर कोरलेला आहे.

२१/२४
चाळीसगावजवळच्या पाटण येथील देवीच्या मंदिरातला शिलालेख यादव राजा सिंघण याच्या काळातला, इ.स. १२०७च्या सुमाराचा आहे. त्यात भास्कराचार्यांची वंशावळ आहे : वडील महेश्वर, पुत्र लक्ष्मीधर, नातू चांगदेव. लक्ष्मीधरांना यादव राजा जैत्रपालाने आपल्या पदरी नेले; चांगदेव सिंघणाचे मुख्य ज्योतिषी झाले. आजोबांचे सिद्धान्तशिरोमणी आदी ग्रंथ शिकवले जावेत, यासाठी या चांगदेवांनी पाटणला मठ स्थापन केला. निकुंभ कुळातील सोइदेव या सामंताने त्या मठाला दान दिले. त्या दानाचा हा लेख.

२२/२४
लेखाचा बराचसा भाग संस्कृतात आहे. मात्र मठाचे उत्पन्न कोठून यायचे, हा शेवटचा तपशील जुन्या मराठीत आहे. पाटणच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावर गिऱ्हाइकाकडून राजाला जे येणे होते, ते मठाला दिले. तेलाच्या घाण्यांवरून मठाला तेल देण्याचीही तरतूद केली. वंशाची कीर्ती संस्कृतात आणि कराची भाषा मराठीत, कारण ती बाजारातल्या माणसांना समजायला हवी होती. आठशे वर्षांपूर्वी खानदेशातल्या बाजारात खरेदी करणारा साधा माणूस आपल्या सौद्यातून बीजगणिताच्या शिक्षणाला हातभार लावीत होता. त्याला ते समीकरण ठाऊक असण्याचे कारण नव्हते. दिव्याला तेल मात्र त्याच्या गावच्या घाण्याचे होते.

२३/२४
अर्थात एका मठाने सारे तारले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. गोदावरीकाठच्या पार्थपूरच्या, म्हणजे आजच्या पाथरीच्या सूर्यदासांनी १६व्या शतकात ‘बीजगणिता’वर टीका लिहिली. काशीच्या कृष्ण दैवज्ञांनी इ.स. १६०० च्या सुमारास सविस्तर उपपत्ती दिल्या. शाहजहानच्या काळात १६३४-३५ मध्ये अताउल्लाह रशीदी यांनी त्याचे फारसी भाषांतर केले. १८१३ मध्ये स्ट्रेची यांनी फारसीवरून, तर १८१७ मध्ये कोलब्रुक यांनी थेट संस्कृतवरून ते इंग्रजीत आणले. आणि पाटणचा शिलालेख विद्वानांसमोर आला तो मूळच्या गोव्यातल्या मांद्रे गावच्या, मुंबईत वैद्यकी करणाऱ्या डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यामुळे. १८६५ मध्ये त्यांनी त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला.

२४/२४
‘वर्गसमीकरणाचे सूत्र कोणाचे?’ या प्रश्नावर समाजमाध्यमांत हिरिरीने वाद होतात. सगळे आपलेच, असे एक पक्ष म्हणतो. आपले काहीच नाही, असे दुसरा. पुरावा दोघांनाही साथ देत नाही. चौरस पुरा करण्याची युक्ती बाबिलोनियात होती, धन-ऋणांना सामावणारा नियम भीनमाळला, अपूर्णांक टाळणारी रीत श्रीधरांकडे, भूमितीची सिद्धता बगदादला. त्या सूत्राला श्रीधराचार्यांचे नाव द्यायला काहीच हरकत नाही. फक्त ते नाव उच्चारताना एवढे ध्यानात असावे, की ते आज उच्चारता येते, कारण नंतरच्या एका थोर गणितज्ञाने प्रामाणिकपणे आपल्या पूर्वसूरीचे नाव लिहिले, त्याच्या नातवाने शाळा काढली आणि एका गावच्या बाजाराने तिचा खर्च उचलला. (समाप्त)